वल्ह्यावरचा डाग

आपल्या खाडीतल्या होडीचं वल्हं होडीला बांधलेलं असतं. काठावर खुंटी असते, खुंटीला दोरीचा फास. त्यात वल्हं अडकवायचं, जायच्या दिशेकडे पाठ करून बसायचं आणि ओढायचं. होडी ज्याची, वल्हं त्याचं. आज एकजण ओढतो, उद्या दुसरा.

कॅनडातल्या कनूची गोष्ट निराळी आहे. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी, उथळ नाव. तिचं वल्हं कशालाच बांधलेलं नसतं. ते दोन्ही हातांत धरायचं, तोंड पुढे करायचं आणि एका बाजूने पाणी मागे लोटत जायचं. हातातून सुटलं तर वाहून गेलं. ते घेतानाही आधी मापायचं असतं. जमिनीवर उभं केलं की त्याची मूठ साधारण हनुवटी ते नाकाच्या दरम्यान यावी, असा इथला जुना ढोबळ हिशेब आहे. म्हणजे चपलेसारखं, एकाचं दुसऱ्याला नीट होत नाही. इथले लोक कनू भाड्याने घेतात, पण वल्हं घरून नेतात. जी वस्तू आपल्या अंगाच्या मापाची, तिच्यावर आपली काही खूण असावी असं माणसाला वाटतंच. त्या खुणेविषयी मला आज लिहायचं आहे, कारण गेली सात-आठ वर्षं मी फावल्या वेळात वल्ह्यांवर खुणा जाळून देतो.

जाळून, म्हणजे अक्षरशः जाळून. या कामाला पायरोग्राफी म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आगीने लिहिणं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे सोल्डरिंगचं पेन असतं, तसंच हे विजेवर तापणारं पेन असतं. त्याचं टोक कोऱ्या लाकडावर टेकवलं की लाकूड करपतं आणि तपकिरी रेघ उमटते. टोक जितकं तापलेलं आणि हात जितका सावकाश, तितकी रेघ काळी. रंग नाही, शाई नाही. लाकूड आणि उष्णता, एवढंच साहित्य.

मी राहतो ते पीटरबरो हे ऑन्टॅरिओ प्रांतातलं गाव ओटोनाबी नदीवर वसलं आहे. एकोणिसाव्या शतकात इथे लाकडी कनू बांधणारे कारखाने उभे राहिले आणि गावाचं नाव त्या नावांबरोबर जगभर गेलं. आज इथे कॅनडाचं कनू म्युझियम आहे. 2024 साली ते लिटल लेकच्या काठावरच्या नव्या इमारतीत गेलं. त्याच्या संग्रहात सहाशेहून जास्त नावा आहेत. माझा धंदा घरांच्या हीटिंगची यंत्रं दुरुस्त करण्याचा. हिवाळ्यात जेवायला फुरसत नसते आणि उन्हाळ्यात हात रिकामे असतात. संध्याकाळच्या एका वर्गात हे जाळकाम शिकलो. रत्नागिरीकडच्या खाडीकाठी वाढलेल्या आणि खलाशाच्या पोटी जन्मलेल्या माणसाला वल्हं हातात घेतल्यावर बरं वाटलं, याचं फार स्पष्टीकरण द्यायला नको.

आधी लाकडाविषयी सांगतो, कारण नक्षीचं निम्मं काम लाकूडच ठरवतं. इथली वल्ही बहुतेक चेरी, मेपल, अॅश किंवा बासवुडची. बासवुड मऊ आणि फिकट, त्यावर रेघ लोण्यासारखी उमटते, पण खडकावर आपटलं की खोक पडते. मेपल कठीण आणि दाट. त्यावर पेन हळू चालवावं लागतं, मात्र रेघ सुरेख येते. अॅश मजबूत आणि लवचीक, म्हणून वल्हेवाल्यांचं आवडतं आणि जाळणाऱ्याच्या नावडीचं. त्याच्या शिरा एक मऊ, एक कडक अशा असतात. मऊ शिरेत पेन बुडतं, कडक शिरेवर अडखळतं आणि सरळ रेघ तुटक दिसते. माझ्या मते चेरी सगळ्यांत गुणी. तिच्या शिरा बारीक, रंग उबदार. तिची एकच खोड आहे, ती शेवटी सांगतो.

वल्हं कोरं असावं लागतं. व्हार्निश किंवा तेल लावलेल्या लाकडावर पेन टेकवायचं नाही, कारण त्याचा धूर विषारी असतो. आधी पॉलिश पेपरने पातं गुळगुळीत करायचं. मग ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे लाकडाचे बारीक केस उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा घासायचे. हे आधी केलं नाही तर पहिल्यांदा पाण्यात गेल्यावर पातं खरखरीत होतं. चित्र कागदावरून पात्यावर उतरवायचं, शेजारी छोटा पंखा धूर ओढून नेईल असा ठेवायचा आणि सावलीच्या फिक्या भागापासून सुरुवात करायची. फिकं गडद करता येतं, गडद फिकं करता येत नाही. पात्याची कड पातळ असते, तिथे खोल जाळायचं नाही. शिरांना आडवी खोल रेघही टाळायची, कारण शेवटी ही भिंतीवरची तसबीर नाही, यावर माणसाच्या खांद्याचा जोर पडणार आहे. काम झालं की पात्यावर समुद्री नावांसाठी असतं ते व्हार्निश लावायचं. मुठीला मात्र नुसतं तेल, कारण व्हार्निशवर तळहाताला फोड येतात. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघडी पसरून वाळवायची. आगीच्या कामातली ही शेवटची आग बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

लाकूड तापलं की ज्याला चटका बसतो त्याला आपण डाग म्हणतो. मराठीत या शब्दाचा पसारा केवढा आहे पाहा. कपड्याला पडतो तो डाग. जनावर आपलं आहे हे कळावं म्हणून त्याला देतात तोही डाग. उर्दूत मनावरच्या जखमेलाही दाग म्हणतात. आणि अंगावर मिरवायचा तो दागिना! पात्यावर पेन टेकवण्याआधी मला हे सगळे अर्थ एकदम आठवतात. आपण जे उमटवणार ते दागिना होणार की डाग, हे हातावर जितकं अवलंबून आहे तितकंच काय उमटवतो यावरही आहे. आणि जनावराच्या डागासारखंच, हे माझं आहे, असा दावाही त्यात असतो.

लोक काय जाळून मागतात? सगळ्यांत जास्त लून. हा तांबड्या डोळ्यांचा, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा पाणपक्षी 1987 पासून इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे. त्याची रात्रीची हाक एकदा ऐकली की माणूस विसरत नाही. मग पाइनची वाकलेली झाडं, मूस, बीव्हर, लग्नाच्या तारखा, वारलेल्या कुत्र्याचं नाव. उन्हाळी शिबिराला जाणारी मुलं आपली टोपणनावं जाळून घेतात. मला हे सगळं करायला आवडतं. यातलं बरंचसं काही फार भारी नसतं, पण मागणाऱ्याचं असतं. त्याने तो लून ऐकलेला असतो, तो कुत्रा पाळलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी एका लॉजच्या मालकाने मला सहा वल्ह्यांचं काम देऊ केलं. जेवणघराच्या भिंतीवर लावायची होती. पैसे चांगले होते, माझ्या दोन महिन्यांच्या फावल्या वेळाचे. त्याने फोनवर चित्रं दाखवली. काळ्या-लाल जाड रेषांचे देवमासे, गरुड, कावळे, पोटात आणखी डोळे असलेले. ‘इंडियन डिझाइन,’ तो म्हणाला. मग हसून म्हणाला, ‘तुझ्यासारखे इंडियन नव्हेत, आमचे.’

ती चित्रं हायडा लोकांच्या शैलीतली होती. हायडा ग्वाय ही त्यांची बेटं पॅसिफिक महासागरात, आमच्या गावापासून 3,000 किलोमीटरांहून दूर आहेत. त्या लोकांत देवमासा किंवा गरुड म्हणजे नुसती नक्षी नसते. त्या कुळांच्या खुणा असतात. कुठल्या घराण्याने कुठली लावायची हे ठरलेलं असतं आणि तो हक्क समारंभात, साक्षीदारांसमोर दिला जातो. कॅनडा सरकारने 1884 साली कायदा करून ते समारंभच गुन्हा ठरवले. ती बंदी 1951 पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. ज्या खुणा दाखवण्यासाठी माणसं तुरुंगात गेली, त्या आता सरोवराकाठच्या जेवणघरात शोभेला हव्या होत्या, तेही जिथे ते लोक कधी राहिले नाहीत अशा ठिकाणी.

मी त्याला म्हटलं, इथलं काही का नको? तर तो म्हणाला, मग इथल्या इंडियनांचं काहीतरी कर. हा प्रश्न जास्त अवघड होता.

आमच्या भोवतालची सरोवरं मिसिसॉगा अनिशिनाबे लोकांची. गावापासून अर्ध्या तासावर कर्व्ह लेक ही त्यांची वस्ती आहे, दक्षिणेला राइस लेकच्या काठी हायवाथा. 1923 साली विल्यम्स करार म्हणून ओळखले जाणारे करार झाले आणि सरकारने त्यांचा अर्थ असा लावला की वस्तीबाहेर शिकार आणि मासेमारी करण्याचा या लोकांचा परंपरागत हक्क संपला. पुढे हायवाथाच्या एका माणसावर याच ओटोनाबी नदीत, बंद हंगामात मासे पकडल्याचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1994 साली हरला. 2018 मध्ये सरकारने त्या करारांतल्या सातही समूहांशी तडजोड केली, 111 कोटी डॉलर दिले, माफी मागितली आणि तो हक्क मान्य केला. 1923 ते 2018. माझ्या अब्बांचा अख्खा जन्म या दोन तारखांच्या आत मावतो. ही नदी माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

तेव्हा ज्या वल्ह्याने ज्यांनी मासे आणायचे त्यांना बंदी, आणि त्यांच्या वल्ह्यावरची नक्षी मात्र भिंतीला, हा हिशेब माझ्या हाताला जमेना. मी लॉजवाल्याला सांगितलं की कर्व्ह लेकला कलावंत आहेत, त्यांना काम द्या, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. मी लून आणि पाइन करून देतो, हवे तर.

त्याचं म्हणणंही इथे मांडलं पाहिजे. तो म्हणाला, ‘मी आदरानेच लावतोय ना? आणि तू तर वीस वर्षांपूर्वी आलेला. तुला काय पडलंय?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की आदर ज्याचा करायचा त्याला विचारण्यापासून सुरू होतो. दुसऱ्या प्रश्नात तथ्य होतं. मी बाहेरचाच. पण म्हणूनच मला पडलं होतं. ज्यांची जमीन आहे त्यांना विचारून मी इथे आलो नाही. विमानतळावर ज्याने शिक्का मारला तो त्यांचा नव्हता. आलेल्या माणसाने निदान घरातल्या वस्तूंवर आपलं नाव घालू नये. हे सगळं मी त्याला बोललो नाही, इंग्रजीत मला इतकं सुचतही नाही. काम गेलं. नंतर कळलं की त्याने ती चित्रं लेझरच्या यंत्राने करून घेतली. यंत्र एक पातं काही मिनिटांत जाळतं आणि काय जाळतोय हे त्याला कळावं लागत नाही.

मग प्रश्न उरतो की दुसऱ्याचं काही घेऊच नये का? दुसऱ्यासाठी काही करूच नये का? या बाबतीत मला टोमा जोसेफ यांचं काम फार शिकवून जातं. हे पॅसामाक्वोडी समाजातले, अमेरिकेतल्या मेन राज्याचे. जन्म 1837, मृत्यू 1914. आपल्या समाजाचे ते एकेकाळी गव्हर्नर होते, वाटाडे होते, कनू बांधत. उन्हाळ्यात कॅम्पोबेलो बेटावर श्रीमंत पाहुणे येत, त्यांना ते बर्चच्या सालीच्या वस्तू विकत. त्या पाहुण्यांतला एक मुलगा त्यांच्याकडून कनू चालवायला शिकला. त्याचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढचा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष.

बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचाच भाऊबंद, ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या. तिकडे हिवाळ्यात काढलेल्या सालीच्या आतल्या बाजूला गडद तांबूस पापुद्रा असतो. तो खरवडला की खालची फिकी साल दिसते. टोमा जोसेफ अशी चित्रं काढत: घुबडं, कनूतली माणसं, आपल्या लोकांच्या गोष्टींतले प्राणी. माझं काम फिक्यावर गडद करण्याचं, त्यांचं गडदातून फिकं काढण्याचं. अनेक वस्तूंवर ते दोन शब्द कोरत: मिक्विद हामिन. अर्थ, माझी आठवण ठेव.

ते पाहुण्यांसाठीच करत होते, पैशांसाठीच करत होते. शिकारीच्या जागा गेल्यावर पोट भरायचा तोही एक मार्ग होता. पण काय काढायचं ते त्यांच्या हातात होतं आणि कोणाची आठवण ठेवायची ते त्यावर लिहिलेलं होतं. विकण्यात काही वाईट नाही. काढणारा पुसला जातो आणि चित्र तेवढं उरतं, तिथे बिघडतं.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. वल्ह्यावर ते जाळावं ज्याची आठवण वल्हं धरणाऱ्या हाताला आहे. माझ्या स्वतःच्या वल्ह्यावर खाडी आहे: चिखलातून वर आलेली खारफुटीची मुळं आणि ओहोटीला कलंडलेली एक होडी. आमच्याकडे होड्यांच्या नाळेवर चांद-तारा असे, 786 असे, नाव असे. वल्ह्यावर कधी काही नसे, ते झिजायचं हत्यार. ओटोनाबीत ते वल्हं बुडवताना मला कसलाही संकोच वाटत नाही. माझी आठवण मी माझ्याबरोबर आणली आहे, कोणाची उचललेली नाही.

गेल्या वर्षी धाकट्या मुलीसाठी चेरीचं वल्हं आणलं. ती सोळा वर्षांची, इथे जन्मलेली. ॲल्गॉन्क्विन पार्कमध्ये शिबिराच्या मुलांबरोबर दहा दिवसांच्या सफरीवर जायची होती. वल्हं पाणमांजराच्या शेपटीच्या आकाराचं, पातं लांब आणि अरुंद, खोल सरोवरांसाठी चांगलं. मी कागदावर चित्र काढून ठेवलं: तीच खाडी, तीच मुळं, होडी मात्र भरतीवर आलेली. तिने ते बराच वेळ पाहिलं.

‘अब्बा, छान आहे. पण ही खाडी मी दोनदाच बघितलीय.’

‘आपलीच आहे ती.’

‘तुमची आहे. तुम्हीच त्या लॉजवाल्याला म्हणालात ना, की आपण ज्या पाण्यात वल्हं घातलं नाही त्याचं चित्र लावू नये?’

मी तसं नेमकं म्हटलं नव्हतं, पण तिने ऐकलं होतं तसं. आणि तिने ऐकलेलं माझ्या बोलण्यापेक्षा नेटकं होतं. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘घ्या आता.’ मला थोडं लागलं, हे खरं. वडील खलाशी, त्यांचे वडीलही पाण्यावरचे. तिसऱ्या पिढीत मी जमिनीवर आलो आणि वाटलं होतं की निदान चित्राने तरी ते पाणी पुढे जाईल. पण मी लॉजवाल्यापुढे जो नियम धरला तो घरात सैल करायचा, तर तो नियम कसला? वारसा झाला तरी घेणाऱ्याला विचारावं लागतंच.

‘मग काय काढू?’ मी विचारलं.

‘आत्ता काही नको. जाऊन आल्यावर.’

ती कोरं वल्हं घेऊन गेली, नुसतं तेल लावलेलं. परत आली तेव्हा पात्याच्या टोकाला खडकाची खूण होती आणि दांड्यावर जिथे खालचा हात येतो तिथे लाकूड चकाकत होतं. तिच्याकडे एक ओला होऊन वाळलेला नकाशा होता. तिला चित्र नको होतं, रेघ हवी होती. कनू लेकपासून जो लेक, पुढे बर्न्ट आयलंड, ऑटरस्लाइड, बिग ट्राउट आणि मॅकिन्टॉश, टॉम थॉमसन लेकवरून परत. पाण्यातला रस्ता सलग रेघेने, आणि दोन सरोवरांमधली वाट, जिथे कनू खांद्यावर घेऊन चालावं लागतं, ती ठिपक्यांनी. ‘ठिपके मोठे काढा,’ ती म्हणाली, ‘ते जास्त कठीण होतं.’

तेल लावलेलं लाकूड जाळता येत नाही, म्हणून मी पातं आधी खाली कोऱ्या लाकडापर्यंत घासलं. दोन संध्याकाळ गेल्या. रेघ मी जाळली, कारण चेरीवर लांब वळणदार रेघ न थांबता ओढणं सोपं नाही. थांबलं की तिथे काळा ठिपका पडतो. ठिपके तिने स्वतः जाळले. त्यांना थांबावंच लागतं. बर्न्ट आयलंड, म्हणजे जळकं बेट, तिथे ती हसली आणि पेन मुद्दाम थोडं जास्त वेळ टेकवलं. खडकाची खूण तिने घासू दिली नाही. मुठीजवळ, तळहाताखाली झाकलं जाईल अशा जागी, तिने विचारून घेऊन खारफुटीचं एकच मूळ काढायला सांगितलं, बोटाच्या पेराएवढं. ते मी काढलं.

आता चेरीची खोड. उजेडात ती वर्षानुवर्षं गडद होत जाते आणि ऊन लागून जळकी रेघ थोडी फिकी होते. व्हार्निशने हे लांबवता येतं, थांबवता येत नाही. दहा-पंधरा वर्षांत रेघ आणि लाकूड यांच्या रंगात फारसं अंतर राहणार नाही. तेव्हा कोणीतरी पातं घासून ती रेघ पुन्हा जाळावी लागेल, किंवा तिच्या जागी दुसरी. पेन कसं धरायचं ते तिला आता येतं. पात्याच्या खालच्या अर्ध्या भागात आम्ही काहीच काढलेलं नाही.